बोंडापासून गर्दपर्यंत: बुलढाणा जिल्ह्यातील अफूचा इतिहास

खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा पाडल्या की चीक पाझरतो. तो वाळवून घट्ट केला की अफू होते. अफूतील मॉर्फिन वेगळे काढून त्यावर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन तयार होते. वऱ्हाडात, आणि त्यातल्या बुलढाणा जिल्ह्यात, या एकाच चिकाला वेगवेगळ्या काळांत वेगवेगळे स्थान मिळाले. वैद्याच्या बटव्यातले औषध, सरकारी खजिन्याचे उत्पन्न, तान्ह्या मुलाला निजवणारी गोळी आणि अखेर दखलपात्र गुन्हा असा त्याचा प्रवास आहे. माणसाचा मेंदू या द्रव्याला जो प्रतिसाद देतो तो मात्र या सगळ्या काळात तोच राहिला. बदलत गेल्या त्या तीन गोष्टी: द्रव्याची तीव्रता, ते मेंदूपर्यंत पोहोचण्याचा वेग आणि ते कोणाच्या हातून मिळते ती व्यवस्था. व्यसनाचे रूप या तिन्हींनी ठरवले.

पीक आणि प्रदेश

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद ही पूर्णेच्या खोऱ्यातली काळ्या मातीची घाटाखालची बाजू. जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा, पलीकडे निमाड आणि त्यापुढे माळवा. हिंदुस्थानातील अफूच्या दोन मोठ्या पट्ट्यांपैकी एक याच माळव्यात होता आणि दुसरा गंगेच्या खोऱ्यात. म्हणजे अफू वऱ्हाडाला परकी नव्हती. ती शेजारच्या मुलखातच पिकत होती.

खसखस हे रब्बीचे पीक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी होते, जानेवारीच्या आगेमागे फुले येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडांना चिरे देतात. दुपारनंतर धारदार अवजाराने बोंडावर चिरा पाडल्या की पांढरा चीक बाहेर येतो, हवा लागून तपकिरी होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घेतला जातो. त्यात मॉर्फिन, कोडीन, थिबेन, पापाव्हेरिन, नॉस्कापिन अशी अनेक अल्कलॉइडे असतात. मॉर्फिनचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि नशा मुख्यतः त्याचीच. पिकलेल्या बियांत मात्र मादक द्रव्य नगण्य असते. म्हणून दिवाळीच्या अनारशांवर आणि रश्श्याच्या वाटणात खसखस निर्धास्तपणे वापरली जाते.

औषध म्हणून अफू

चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत अफूचा उल्लेख नाही. अरबांशी आलेल्या व्यापारी संबंधांतून ती हिंदुस्थानात पसरली आणि शार्ङ्गधरसंहितेच्या काळापासून आयुर्वेदात 'अहिफेन' म्हणून स्थिरावली. युनानी हकिमांच्या औषधांतही तिला महत्त्वाची जागा होती. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. त्या काळातील 'ऐन-इ-अकबरी'त मेहकर सरकारातील लोणारचे वर्णन आहे. त्याच ग्रंथात साम्राज्याच्या रब्बी पिकांच्या सारादरांमध्ये खसखसही आहे. अफू तेव्हा उघडपणे पिकवले जाणारे आणि सारा भरणारे पीक होते.

वैद्य-हकिमांनी अफू वापरली ती मुख्यतः तीन तक्रारींसाठी: हगवण, खोकला आणि दुखणे. आधुनिक औषधशास्त्राने या तिन्ही उपयोगांची कारणे नंतर उलगडली. आतड्याच्या भिंतीतील मज्जापेशींवर मॉर्फिनचा परिणाम झाला की आतड्याची हालचाल मंदावते. मेंदूच्या देठातील खोकल्याचे केंद्र शांत होते. मज्जारज्जूतून वर जाणारे वेदनेचे संदेश अडवले जातात. पटकीच्या साथी, हिवताप आणि दमट पावसाळ्यातील पोटाचे विकार जिथे नित्याचे होते आणि डॉक्टर कोसांच्या अंतरावर होता, तिथे असे औषध घरात असणे स्वाभाविक होते. त्याच औषधाचा दुसरा गुण, म्हणजे मन सैल करणारी गुंगी, सवयीला कारण ठरला. सांधेदुखीसाठी सुरू झालेली गोळी म्हातारपणभर चालू राही.

पोटातून घेतलेली अफू हळू काम करते. ती आतड्यातून रक्तात उतरते, तिथून आधी यकृतात जाते आणि यकृत तिच्यातील मॉर्फिनचा बराचसा भाग निष्प्रभ करते. उरलेले द्रव्य मेंदूपर्यंत पोहोचायला अर्धा-एक तास लागतो. त्यामुळे रोज ठराविक गोळी घेणारा माणूस शेतीचे काम करीत, घर सांभाळीत वर्षानुवर्षे जगू शकत असे. अवलंबन त्याच्याही शरीरात होते. गोळी चुकली की नाक वाहणे, जांभया, पोटात कळा, अस्वस्थता सुरू होत असे. पण एका क्षणात मेंदू भरून टाकणारा उन्माद त्या गोळीत नव्हता. अफू ओढण्याच्या मदक आणि चंडू या प्रकारांत द्रव्य फुफ्फुसांवाटे थेट रक्तात जाई. तिथे नशा जलद चढे आणि सवयही घट्ट होई. म्हणूनच खाण्यापेक्षा ओढणे अधिक घातक मानले गेले आणि पुढे कायद्यानेही दोन्हींत फरक केला.

खजिन्याची अफू

हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. मुलूख कागदोपत्री निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही रचना होती. १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेऊन पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडण्यात आला. बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण १८६० च्या दशकात झाले. खामगाव आणि जळगाव हे तालुके मात्र १९०५ च्या फेररचनेत अकोल्याकडून बुलढाण्यात आले.

या काळात अफू हे सरकारी महसुलाचे एक मोठे साधन होते. गंगेच्या खोऱ्यात सरकार शेतकऱ्यांना परवाने देई, चीक ठराविक भावाने विकत घेई आणि पाटणा-गाझीपूरच्या कारखान्यांत तयार केलेल्या पेट्या कलकत्त्याला लिलावात काढी. माळव्याची अफू संस्थानी मुलखातली होती. तिच्यावर मुंबईला नेताना कर घेतला जाई. दोन्हींचे मोठे गिऱ्हाईक चीन होते. चीनने हा व्यापार रोखण्याचा प्रयत्न केल्यावर १८३९ ते १८४२ असे पहिले आणि पुढे १८५६ ते १८६० असे दुसरे युद्ध झाले. मुंबईच्या अनेक व्यापारी घराण्यांची संपत्ती या व्यापारात उभी राहिली.

देशांतर्गत खपासाठी वेगळी व्यवस्था होती. १८७८ च्या अफू कायद्याने परवान्यावाचून खसखस पेरणे, अफू तयार करणे, बाळगणे, नेणे-आणणे आणि विकणे यांवर बंदी घातली. वऱ्हाड तांत्रिकदृष्ट्या ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते, म्हणून तिथे असे कायदे गव्हर्नर-जनरलच्या आदेशाने लागू होत. गाझीपूरच्या कारखान्यात अबकारी अफूच्या वड्या तयार होत. त्या प्रांतांच्या खजिन्यांत येत आणि तिथून परवानेदार दुकानदार त्या विकत घेत. दुकानाच्या परवान्यातून एक उत्पन्न, मालाच्या किमतीतून दुसरे, अशा दोन वाटांनी सरकारला पैसा मिळे. गावातल्या माणसाला ठराविक मर्यादेत अफू जवळ बाळगण्याची मुभा होती.

या व्यवस्थेचा परिणाम दुहेरी होता. अफू महाग झाली, तिचा दर्जा एकसारखा राहिला आणि ती कोण विकतो हे सरकारला ठाऊक राहिले. दुसऱ्या बाजूने, खप कमी करण्याचे काम आणि खपातून पैसा मिळवण्याचे काम एकाच खात्याकडे आले. अबकारी खात्याच्या धोरणातला हा पेच स्वातंत्र्यापर्यंत सुटला नाही.

इंग्लंडमधील अफूविरोधी चळवळीच्या दबावाने १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही अफू आयोग नेमला गेला. दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागडचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे त्यातील हिंदी सभासद होते. आयोगाने देशभर साक्षी घेतल्या आणि १८९५ मध्ये निष्कर्ष काढला की हिंदुस्थानात अफू बहुधा बेताने खाल्ली जाते, लोक ती घरगुती औषध मानतात आणि सरसकट बंदी लोकांना नको आहे. हेन्री विल्सन या सभासदाने याविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली. अफू खाणारा माणूस कामावर उभा दिसतो, एवढ्यावर त्याचे अवलंबन नाकारता येत नाही. पण अवलंबन म्हणजे शरीरात नेमके काय होते, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते.

कापूस आणि बाळगोळी

अफूच्या घरगुती वापरातला सर्वांत दूरगामी प्रकार म्हणजे तान्ह्या मुलांना दिली जाणारी गोळी. पश्चिम हिंदुस्थानात ती बाळगोळी म्हणून ओळखली जाई. घरी मुलाला सांभाळणारे कोणी नसले आणि आईला कामावर जायचे असले की अफूचा अंश असलेली गोळी दुधात किंवा पाण्यात उगाळून पाजत.

वऱ्हाडात अशा कामाला तोटा नव्हता. १८६० च्या दशकात भुसावळ-नागपूर रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने धावू लागली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंबहून खामगावला जाणारा फाटा सुरू झाला आणि खामगाव हिंदुस्थानातील मोठ्या कापूस बाजारांपैकी एक बनले. सरकी काढण्याचे जिन आणि गाठी बांधण्याचे प्रेस उभे राहिले. कापूस वेचणीपासून सरकी वेगळी करण्यापर्यंतच्या कामात बायकांचा वाटा मोठा होता. हंगामात दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले आणि मजुरी वेचलेल्या मालावर मिळे. रडणारे मूल म्हणजे बुडालेली मजुरी.

मुंबईच्या गिरण्यांत ही प्रथा चौकशीतून उघड झाली. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने केलेल्या पाहणीत गिरणी कामगार स्त्रियांच्या जवळजवळ सर्वच तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचे आढळले. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगानेही तिची दखल घेतली. पाळणाघरांची मागणी पुढे आली ती याच कारणामुळे. जिनांसारख्या हंगामी कारखान्यांत आणि वेचणीच्या शेतांवर तशी सोय फार उशिरापर्यंत नव्हती.

गोळीने मूल शांत होई, पण त्याची किंमत मोठी होती. तान्ह्या मुलाचे यकृत मॉर्फिन पुरेसे निकामी करू शकत नाही, त्यामुळे थोडे द्रव्यही दीर्घकाळ शरीरात राहते. श्वासाचे केंद्र या वयात फार नाजूक असते. मात्रा किंचित वाढली तर श्वास मंदावून मूल दगावते. जे जगले ते कमी जागे राहत आणि कमी दूध पीत. आतडे मंदावल्याने बद्धकोष्ठ होई आणि पोषण खुंटे. गोळी बंद केली की मूल चिडचिडे होई, त्याला हगवण लागे, झोप उडे; आई पुन्हा गोळीकडे वळे. व्यसन ही निव्वळ मनाची दुर्बलता आहे असे मानणाऱ्यांना हे मूल उत्तर देते. त्याला इच्छा-अनिच्छा नव्हती, तरी त्याचे शरीर द्रव्यावर अवलंबून झाले होते.

बंदीकडे

विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय दबाव वाढला. १९१२ च्या हेग करारानंतर १९२५ मध्ये जिनिव्हा येथे आणखी करार झाले. औषधी गरज म्हणून दर दहा हजार लोकांमागे वर्षाला सुमारे ६ किलो अफू पुरेशी आहे, असे प्रमाण राष्ट्रसंघाने ठरवले. हिंदुस्थान सरकारने १९२६ मध्ये बिगरऔषधी निर्यात दरवर्षी दहा टक्क्यांनी घटवण्याचे जाहीर केले आणि १९३५ पर्यंत ती थांबवली. प्रांतांनी अफू ओढण्याविरुद्ध स्वतंत्र कायदे केले. गांधीजींच्या चळवळीत दारूबरोबर अफूची दुकानेही निदर्शनांचे लक्ष्य झाली आणि व्यसनाच्या उत्पन्नावर चालणारे सरकार ही राजकीय टीका गावोगाव पोहोचली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने ठरवले की औषधाव्यतिरिक्त खाण्याची अफू दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायची. त्याप्रमाणे ३१ मार्च १९५९ नंतर परवान्यावरची विक्री थांबली. वैद्यकीय दाखला असलेल्या नोंदणीकृत जुन्या व्यसनींना तेवढी ठराविक अफू मिळत राहिली. याच काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, बुलढाणा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. दुकाने बंद झाली, जुनी पिढी सरली आणि अफू खाण्याची उघड प्रथा विरत गेली. आज कायदेशीर लागवड मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठराविक जिल्ह्यांतच होते आणि चीक नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांकडे जातो.

हेरॉइनचा जन्म

अफू खाण्याची प्रथा ओसरत असताना अफूचे तीव्र रूप बाहेरच्या जगात आधीच तयार झालेले होते. फ्रिडरिख झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधनिर्मात्याने १८०४-०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फिन वेगळे केले. १८७४ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातील रसायनज्ञ सी. आर. आल्डर राइट यांनी मॉर्फिनला दोन असेटिल गट जोडून डायअसेटिलमॉर्फिन बनवले. १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी ते पुन्हा तयार केले आणि १८९८ पासून कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून 'हेरॉइन' या नावाने विकले. मॉर्फिनपेक्षा ते कमी व्यसन लावेल अशी समजूत होती. ती चुकीची ठरली. १९१३ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले आणि १९२४ मध्ये अमेरिकेने त्यावर पूर्ण बंदी घातली.

जोडलेल्या त्या दोन असेटिल गटांतच हेरॉइनचा सगळा फरक आहे. रक्तातून मेंदूत कोणते पदार्थ जाऊ द्यायचे यावर एक पेशींचा पडदा नियंत्रण ठेवतो. मॉर्फिन हा पडदा सावकाश ओलांडते. असेटिल गटांमुळे स्निग्धांशात सहज विरघळणारे हेरॉइन मात्र क्षणांत पार होते. मेंदूत गेल्यावर त्याचे आधी ६-मोनोअसेटिलमॉर्फिन आणि मग मॉर्फिन होते. म्हणजे शेवटी काम करते ते अफूतलेच मॉर्फिन, पण ते एका लाटेसारखे एकदम येते. शिरेत टोचल्यास काही सेकंदांत आणि पन्नीवर तापवून धूर ओढल्यासही जवळजवळ तितक्याच वेगाने.

मेंदूत काय घडते

अफूसदृश द्रव्यांसाठी मेंदूत विशिष्ट रिसेप्टर, म्हणजे ती द्रव्ये जिथे चिकटतात अशा जागा, असतात, हे १९७३ मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधील संशोधकांनी सिद्ध केले. दोनच वर्षांनी जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी एन्केफॅलिन हे शरीरातच तयार होणारे रसायन शोधले. ते आणि एंडॉर्फिन इजा, श्रम, भीती अशा प्रसंगी वेदना आवरतात आणि मनाला धीर देतात. मॉर्फिन त्यांच्याच रिसेप्टरांवर, मुख्यतः म्यू रिसेप्टरांवर, बसते. फरक इतकाच की नैसर्गिक रसायन मोजके पाझरते आणि हेरॉइन सगळे रिसेप्टर एकाच वेळी व्यापते.

मेंदूच्या मध्यभागी डोपामाइन सोडणाऱ्या पेशींचा एक गट आहे. अन्न, सहवास, यश अशा हिताच्या गोष्टी लक्षात राहाव्यात आणि पुन्हा कराव्याशा वाटाव्यात, हे काम तो करतो. या पेशींना गाबा नावाचे रसायन सोडणाऱ्या शेजारच्या पेशी एरवी लगाम घालून ठेवतात. हेरॉइन त्या लगाम धरणाऱ्या पेशींना गप्प करते. डोपामाइन अनिर्बंध सुटते आणि मेंदू नोंद करतो की हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही नोंद किती खोल जाईल हे बरेचसे वेगावर अवलंबून असते. कृती आणि सुख यांच्यात काही सेकंदांचेच अंतर असले की दोन्ही घट्ट बांधले जातात. पुडी, पन्नी, काडेपेटी, ठराविक गल्ली, ठराविक मित्र हे सगळे त्या आठवणीचे भाग होतात आणि पुढे त्यांचे नुसते दर्शनही ओढ जागी करते.

वारंवार वापर झाला की मेंदू स्वतःला जुळवून घेतो. रिसेप्टर कमी प्रतिसाद देऊ लागतात, पेशींच्या आतली रासायनिक यंत्रणा उलट दिशेने जोर लावते आणि तोच परिणाम मिळवायला मात्रा वाढवावी लागते. याला सहनशीलता म्हणतात. मेंदूच्या देठातील नॉरॲड्रेनलिन सोडणारा पेशीसमूह हेरॉइनने दबलेला असतो. द्रव्य थांबले की तो उसळतो. शेवटच्या मात्रेनंतर सहा ते बारा तासांत जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, घाम, अंगावर काटा, हाडे मोडल्यासारखी दुखणी, उलट्या आणि हगवण सुरू होतात. दोन-तीन दिवसांत त्रास शिगेला पोहोचतो आणि आठवडाभरात बहुतेक ओसरतो. व्यसनी लोक याला टर्की म्हणतात. या टप्प्यावर माणूस सुखासाठी हेरॉइन घेत नाही; टर्की टाळण्यासाठी घेतो.

टर्की संपली म्हणजे व्यसन संपले असे होत नाही. शरीराचे अवलंबन आठवड्यात उतरते. ओढ, निर्णय घेणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाची दुर्बलता आणि साध्या गोष्टींत आनंद न वाटणे हे महिनोन्महिने टिकते. परिस्थितीचाही वाटा मोठा असतो. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा १९७० च्या दशकात ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी फार थोडेच घरी परतल्यावर पुन्हा व्यसनी झाले, कारण युद्धभूमी, सोबती आणि सहज पुरवठा हे सगळे मागे राहिले होते.

शरीरावरील परिणाम

हेरॉइनने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, त्वचा खाजते आणि बद्धकोष्ठ होते. बद्धकोष्ठाला शरीर फारसे सरावत नाही, म्हणून जुन्या व्यसनींची ही कायमची तक्रार असते. लैंगिक संप्रेरके घटतात, स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते, भूक आणि वजन कमी होते. सुया वाटून घेतल्याने एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पसरतात. अस्वच्छ टोचण्याने गळवे आणि हृदयाच्या झडपांचा संसर्ग होतो. गरोदर स्त्रीने घेतल्यास जन्मलेल्या बाळाला पहिल्याच दिवसांत टर्की येते.

मृत्यू होतो तो बहुधा श्वास थांबून. श्वासाचा ताल ठेवणाऱ्या मेंदूच्या देठातील पेशींवरही म्यू रिसेप्टर असतात. मात्रा जास्त झाली की रक्तात कर्बवायू वाढला तरी श्वास घेण्याची प्रेरणा होत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर धोका अनेक पटींनी वाढतो. उपचारानंतर किंवा तुरुंगवासानंतर सहनशीलता उतरलेली असते. अशा वेळी जुनीच मात्रा घेतली तर ती प्राणघातक ठरते. शिवाय बेकायदा पुडीत किती हेरॉइन आणि किती भेसळ आहे हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही. अबकारी दुकानातल्या वडीबाबत ही अनिश्चितता नव्हती.

गर्दचा काळ

१९७९ नंतर इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील युद्ध यांमुळे पश्चिम आशियातील अफूचे मार्ग बदलले आणि १९८० च्या दशकात अर्धशुद्ध, तपकिरी हेरॉइन मुंबईत पोहोचले. ब्राउन शुगर किंवा गर्द या नावाने ते झोपडपट्ट्यांपासून महाविद्यालयांपर्यंत पसरले. अनिल अवचट यांनी 'गर्द' या लेखनातून हे जग मराठी वाचकांसमोर आणले. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात व्यसन हा आजार मानून उपचार करण्याची परंपरा या केंद्राने रुजवली.

कायद्याची चौकटही याच सुमारास बदलली. १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा लागू झाला आणि १८७८ चा कायदा इतिहासजमा झाला. या कायद्यात हेरॉइनची अल्प मात्रा ५ ग्रॅम आणि व्यापारी मात्रा २५० ग्रॅम धरली जाते. अफूसाठी हेच आकडे २५ ग्रॅम आणि अडीच किलो आहेत. तीव्रतेतील फरक कायद्याने असा मान्य केला आहे. व्यापारी मात्रेसाठी दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे.

गर्दची लाट मुख्यतः महानगरांची होती. लहान शहरांत आणि गावांत अफूसदृश द्रव्ये औषधांच्या रूपानेही शिरली: कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, वेदनाशामक गोळ्या आणि इंजेक्शने. ट्रामाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आणावे लागले ते याच कारणाने. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.१ टक्के लोक अफूसदृश द्रव्ये घेत होते. हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, औषधी गोळ्या-इंजेक्शने घेणारे ०.९६ टक्के आणि अफू-बोंडे घेणारे ०.५२ टक्के निघाले. शंभर वर्षांपूर्वी सर्वाधिक वापरली जाणारी अफू या पाहणीत तिसऱ्या क्रमांकावर होती. तिची जागा जलद आणि तीव्र रूपांनी घेतली.

खसखशीचे पीकही अधूनमधून महाराष्ट्रात सापडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये देऊळगाव राजा तालुक्यातील अंढेरा शिवारात पोलिसांनी अफूची बेकायदा शेती पकडली. महिनाही बोंडांना चिरे देण्याचाच होता. मोगल काळात ज्या पिकावर सारा होता, त्याच्या लागवडीसाठी आता दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

उपचार

अतिमात्रेवर नालोक्सोन हा उतारा आहे. ते म्यू रिसेप्टरांवरून हेरॉइनला हुसकावते आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. पण त्याचा परिणाम लवकर ओसरत असल्याने रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे लागते. दीर्घ उपचारांत मेथाडोन किंवा ब्यूप्रेनॉर्फिन वापरतात. भारतात जिभेखाली ठेवायच्या ब्यूप्रेनॉर्फिनच्या गोळीचा वापर अधिक आहे. ती रिसेप्टरांवर बसते पण आंशिकच परिणाम करते, हळू चढते आणि दीर्घकाळ टिकते. त्यामुळे टर्की येत नाही, उन्मादही येत नाही आणि श्वास थांबण्याचा धोका बराच कमी होतो. तीव्रता घटवणे, वेग कमी करणे आणि पुरवठा गल्लीतून काढून डॉक्टरच्या हाती देणे, ही तिन्ही कामे ती एकदम करते. नाल्ट्रेक्सोन हे औषध रिसेप्टर अडवून ठेवते. मात्र ते टर्की पूर्ण उतरल्यावरच सुरू करता येते.

औषधाने मेंदूला उसंत मिळते. त्या काळात समुपदेशन, कुटुंबाची साथ, काम आणि जुन्या संगतीपासून अंतर यांनी सवयीची आठवण क्षीण होते. पुन्हा घसरणे हा या आजाराचा भाग मानला जातो, म्हणून उपचार महिने-वर्षे चालतात. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार अल्प मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करीत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसची १४४१६ ही सेवा आहे.